सुराबाया की सेबू? आधी स्टाफरूमची चौकशी करा

पत्र: ताई, मी छत्तीस वर्षांची आहे. पुण्यात केंब्रिज अभ्यासक्रमाच्या एका शाळेत अकरा वर्षं गणित शिकवते. यंदा बाहेर अर्ज केले आणि दोन ठिकाणांहून होकार आला: एक शाळा इंडोनेशियात सुराबायाला, दुसरी फिलिपिन्समध्ये सेबूला. पगारात उन्नीस-बीसचा फरक. नवरा सोबत यायला तयार आहे, नोकरी सोडेल, पण ‘तिथे घरी बसून मी करू काय’ हा त्याचा प्रश्न आहे. मुलगी दुसरीत. आम्ही शाकाहारी, मुलगी फक्त अंडं खाते. मैत्रिणी म्हणतात, फिलिपिन्सला जा, सगळे इंग्रजी बोलतात. सासरे म्हणतात, इंडोनेशियात निदान रामायण तरी आहे. शिक्षक म्हणून राहायला दोन्हीकडची संस्कृती आणि रोजचं जगणं कसं वेगळं आहे, ते सांगाल का?
– दोलायमान, कोथरूड

प्रिय मैत्रीण,

तुमच्या मैत्रिणी बरोबर सांगताहेत आणि सासरेही. अडचण एवढीच की दोघांचं सांगणं आठवडाभर फिरायला जाणाऱ्याच्या कामाचं आहे. तुम्हाला रोज सकाळी सातला शाळेच्या फाटकातून आत जायचं आहे. मी आधी जावात (सुराबाया याच बेटावर आहे) आणि मग फिलिपिन्सच्या विसाया बेटांवर (सेबू त्यातलंच) शिकवलं आहे, तेव्हा माझा पक्षपात असलाच तर दोन्हीकडचा आहे.

सासऱ्यांचं आधी घेऊ. योग्यकार्ताजवळ प्रंबाननला नवव्या शतकातल्या देवळांवर रामायण कोरलेलं आहे. तिथेच रामायणाचं नृत्यनाट्य होतं आणि त्यात नाचणारे बहुतेक कलाकार मुसलमान असतात. बांडुंगच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या बोधचिन्हात गणपती आहे. दर भाद्रपदात आपल्या व्हॉट्सअॅपवर फिरणारी ती गणपतीची नोटही खरी आहे, १९९८ सालची, वीस हजार रुपियांची. फक्त ती आता चलनात नाही. त्या नोटेवर गणपतीशेजारी जे गृहस्थ आहेत त्यांच्याकडे मात्र आपल्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. ते की हजर देवांतारा, पेशानं शिक्षक. १९२२ साली त्यांनी योग्यकार्तात ‘तामान सिस्वा’ ही राष्ट्रीय शाळा काढली, डचांच्या शिक्षणाला पर्याय म्हणून. १९२७ मध्ये रवींद्रनाथ टागोर ती शाळा बघून आले. देवांतारांचा जन्मदिवस, २ मे, हा तिथला राष्ट्रीय शिक्षण दिन. सासऱ्यांना हे जरूर सांगा, त्यांना आवडेल.

पण यातलं काहीही सुराबायाच्या शाळेत तुमच्या मदतीला धावून येणार नाही. शहर मुसलमान बहुसंख्येचं आहे. महागड्या खाजगी शाळांमधले पालक मोठ्या संख्येनं चिनी वंशाचे, त्यात ख्रिस्ती बरेच. हिंदू म्हटलं की लोकांना बाली आठवतं, पुणे नाही. ‘तुमचा धर्म कोणता?’ हा प्रश्न ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत येईल आणि त्यात काही खोच नसेल. तिथे ओळखपत्रावरच धर्माचा रकाना असतो आणि राज्य सहा धर्म मानतं. हिंदू धर्म त्यातला एक, त्यामुळे तुमचं उत्तर चौकटीत चपखल बसतं. नवरा नास्तिक असेल तर त्याला म्हणावं, तिथे यावर वाद घालू नकोस.

आता मैत्रिणींचं इंग्रजी. स्पेननं ३३३ वर्षं राज्य केलं आणि फिलिपिनोंना कॅथलिक केलं. अमेरिकेनं त्यानंतर शाळा काढल्या. ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. इंग्रजी सैन्याबरोबर आलं होतंच, पण गावोगाव रुजलं ते शाळांमधून. आज सेबूत रिक्षावाल्यापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांशी तुमचं काम भागेल. शाळेतलं पत्र, बँकेतला अर्ज, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं इंग्रजीत. कोरियातून आणि जपानमधून तरुण मुलं इंग्रजी शिकायला खास सेबूला येतात.

या सोयीची एक किंमत आहे आणि ती उतरल्या उतरल्या कळत नाही. तुम्हाला तिथली भाषा कधीच शिकावी लागणार नाही, म्हणून तुम्ही ती शिकणार नाही. आणि स्टाफरूममधले विनोद, कुजबुज, कुणाच्या घरी काय झालं, मुख्याध्यापिका कुणावर नाराज आहे, हे सगळं बिसाया भाषेत चालतं. (सेबूची भाषा टागालोग, म्हणजे मनिलाकडची भाषा, नव्हे. टागालोग शिकून सेबूत मिरवलंत तर लोक हसून घेतील, पण खूश होणार नाहीत.) तुम्ही आत आलात की सगळे सौजन्यानं इंग्रजीत बोलायला लागतात. दोन वर्षांनीही हेच चालू असतं.

सुराबायात याच्या उलट. पहिले काही महिने भाजीवालीसमोर, घरमालकासमोर तुम्ही मुक्या. पण इंडोनेशियन भाषेची लिपी रोमन आहे, क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, नामाला लिंग नाही, आणि आपल्याकडून गेलेले ओळखीचे शब्द वाटेत भेटत राहतात. बाजारापुरती भाषा सहामाहीत येते, आणि मोडकंतोडकं बोललात तरी समोरच्याचा चेहरा उजळतो. शिवाय परदेशी माणूस नेमणाऱ्या मालकानं त्याला भाषा शिकवायची सोय करावी, असा तिथला नियमच आहे. शाळा आपणहून हे सांगत नाहीत. तुम्ही विचारा.

आता स्टाफरूमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तुमच्या पत्रात तो नाही आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

फिलिपिन्स हा स्वतः शिक्षक निर्यात करणारा देश आहे. अमेरिका, जपान, थायलंड, आखात, सगळीकडे फिलिपिनो शिक्षक आहेत. म्हणजे सेबूत तुमच्या शेजारच्या टेबलावरची गणिताची बाई तुमच्याइतकीच शिकलेली असेल, इंग्रजी कदाचित तुमच्यापेक्षा सफाईदार, आणि तिचा पगार तुमच्यापेक्षा कमी असेल. तुम्हाला काम करायचा परवाना मिळतो तोच मुळी या जागेसाठी लायक आणि तयार फिलिपिनो मिळाला नाही असं गृहीत धरून, आणि त्याआधी तशी जाहीर सूचना काढून हरकती मागवतात. तिला हे सगळं ठाऊक असतं. ती तरीही हसून ‘मॅम’ म्हणते, तुमच्या वाढदिवसाला केक आणते. हा प्रश्न तिथे न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मनिलाच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये परदेशातून नेमलेल्या शिक्षकांना स्थानिक शिक्षकांपेक्षा २५ टक्के जास्त पगार होता. स्थानिक शिक्षकांच्या संघटनेनं दाद मागितली आणि २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की समान कामाला समान वेतन हवं, मूळ पगारात असा भेद चालणार नाही. घरभाडं, विमानाचं तिकीट अशा सवलती मात्र परदेशी शिक्षकाला वेगळ्या देता येतात. म्हणून तुमच्या सेबूच्या करारात ‘पगार’ किती आणि ‘सवलती’ किती हे नीट बघा.

इंडोनेशियात तफावत याहून मोठी असू शकते, पण तिथल्या कायद्यानं तुमचं स्थान आधीच कागदावर मांडून ठेवलं आहे. परदेशी कर्मचाऱ्याला एक स्थानिक जोडीदार नेमून द्यावा लागतो, त्यानं तुमच्याकडून काम शिकावं आणि पुढे ते सांभाळावं म्हणून. कित्येक ठिकाणी ही जोडी नुसती फॉर्मवर असते. तुम्ही ती खरी करा. पहिल्याच आठवड्यात विचारा, माझी जोडीदार कोण? तिच्यासोबत बसून पाठ तयार करा. ती तुम्हाला पालकांची नावं उच्चारायला शिकवेल, तुम्ही तिला केंब्रिजचे पेपर तपासायला. पगारातली तफावत त्यानं मिटत नाही, पण एकमेकींकडे बघायला काहीतरी कारण मिळतं.

वर्गात काय होईल तेही सांगते. जावातल्या वर्गात ‘समजलं का?’ विचारलंत की सगळे माना डोलावतात. याचा अर्थ तुमचं बोलणं त्यांनी ऐकलं, एवढाच. चारचौघांत ‘नाही समजलं’ म्हणायचं तर स्वतःची लाज जाते आणि शिक्षकाचीही, म्हणून मूल ते म्हणत नाही. गणितात हे फार महागात पडतं, कारण घटक चाचणीपर्यंत काहीच कळत नाही. त्यापेक्षा उत्तरं छोट्या पाट्यांवर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरायला सांगा, किंवा आधी जोडीजोडीनं बोलू द्या. फिलिपिनो वर्ग याउलट गजबजलेला. हात वर, चुकीचं उत्तर, हशा, मग कुणीतरी गाणं म्हणतं. तुम्हाला वाटेल ही मुलं बिनधास्त आहेत. तसं नाही. लाज तिथेही तितकीच खोल आहे, फक्त ती हसण्याखाली असते. त्या मुलाला सगळ्यांसमोर टोचून बोललात तर ते हसेल, आणि नंतर तुमच्याशी डोळा भिडवणार नाही.

आपल्याकडे ‘बाई ओरडतात पण मनाच्या चांगल्या आहेत’ अशी शिक्षकांची एक जात आहे. ही जात दोन्ही देशांत चालत नाही. आवाज चढला की मुद्दा कितीही बरोबर असो, तुम्ही हरलात. सहकाऱ्यांशी बोलतानाही तसंच. ‘बघू’, ‘प्रयत्न करते’ हे दोन्हीकडे नकाराचे शब्द आहेत, आणि बैठकीत कुणी हरकत घेतली नाही म्हणून निर्णय झाला असं समजू नका. हरकत नंतर तिसऱ्याकडून कळते.

सुराबायाच्या बाबतीत थोडी सूट आहे. जावाचा मुलायमपणा म्हणतात तो योग्यकार्ता आणि सोलोचा. सुराबाया त्या मानानं रांगडं. सोलो जर सदाशिव पेठ असेल तर सुराबाया कोल्हापूर: आवाज मोठा, मित्रांमध्ये शिवीही प्रेमाची, पोटात एक ओठात एक कमी. मला ते शहर आवडतं ते याचसाठी. फाटकावर सकाळी मुलं ओळीनं येऊन तुमचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात. पहिल्या दिवशी हात मागे घेऊ नका. फिलिपिन्समध्येही ही रीत आहे, पण ती घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. शाळेत सुरात म्हटलेलं ‘गुड मॉर्निंग, मॅम’ असतं.

सुराबायाला जाताना एक इतिहास ठाऊक असू द्या. १० नोव्हेंबर हा इंडोनेशियाचा वीर दिन, सुराबायाच्या १९४५च्या लढाईचा. शाळेत मुलं सैनिकांचे वेश करून येतात. समोरची ब्रिटिश फौज बरीचशी भारतीय पलटणींची होती आणि त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियनही होती. कुणी तुम्हाला त्यावरून टोकणार नाही. पण इतिहासाच्या शिक्षकानं विषय काढलाच तर चकित होऊ नका.

फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला म्हणतात ‘बुम्बाय’, आपल्या बॉम्बेवरून. त्यामागचं चित्र मोटरसायकलवरून दारोदार फिरणाऱ्या पंजाबी सावकाराचं आहे: पाच उसने घ्या, सहा परत करा. रडणाऱ्या पोराला ‘बुम्बाय नेईल’ अशी भीतीही घालतात. तुम्हाला हे केव्हातरी थट्टेत ऐकू येईल. मनाला लावून घ्यायचं कारण नाही, पण मुलीच्या कानावर पडलं तर तिला आधीच समजावून ठेवा. तिथल्या दावाव शहरात वैद्यकीय शिकणारी भारतीय मुलं बरीच आहेत, त्यांच्यामुळे ओळखीचं दुसरंही चित्र तयार होतंय.

आता जेवण, आणि इथे मी स्पष्टच लिहिते: शाकाहारी कुटुंबाला सेबू जड जाईल. डुकराचं मांस तिथे भाजीतही असतं. मुगाची उसळ असते, अगदी आपल्यासारखी, आणि तिच्यावर डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा. अळू नारळाच्या दुधात शिजवतात, त्यात सुकी मासळी. मिश्र भाजीत कोळंबीचा खारवलेला गोळा. सेबूचं भाजलेलं अख्खं डुक्कर देशभर नावाजलेलं आहे आणि शाळेचा एकही समारंभ त्याच्याशिवाय होत नाही. लोक प्रेमानं वाढतील आणि तुम्ही रोज नाही म्हणाल. घरी सगळं करता येतं, भारतीय सामान मिळतं. बाहेरचं मात्र विसरा.

सुराबायातही गोमांस भरपूर आहे. रावोन हा काळा रस्सा तिथला मानबिंदू, तो गाईच्या मांसाचा. पण टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू हे गरिबाचं रोजचं अन्न आहे, गल्लीतल्या टपरीवर मिळतं. पालेभाज्यांवर शेंगदाण्याचा रस घालून ‘पेचेल’ मिळतो, तो तुमच्या मुलीला पहिल्या घासात आवडेल. शत्रू एकच: कोळंबीचं वाटण, ‘तेरासी’ आणि ‘पेतिस’. सुराबायाचे लोक पेतिस कशातही घालतात. हे दोन शब्द आणि ‘तान्पा’, म्हणजे ‘विना’, विमानातच पाठ करा. चिनी बौद्धांची शुद्ध शाकाहारी खानावळही शहरात सापडते.

नवऱ्याच्या प्रश्नात सेबूचं पारडं जड आहे, हे कबूल करायला हवं. दोन्हीकडे तो तुमच्यावर अवलंबून म्हणून परवाना मिळवेल आणि त्या परवान्यावर त्याला स्थानिक नोकरी करता येणार नाही. भारतातल्या कंपनीचं काम तिथे बसून करायचं असेल तर परवाना आणि कर, दोन्हींबद्दल शाळेकडून लेखी उत्तर घ्या, ऐकीव नको. पण फिलिपिन्समध्ये आई परदेशी कमावते आणि बाप घर सांभाळतो अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मुलीला शाळेतून आणायला गेलेल्या बापाकडे कुणी वळून बघत नाही, आणि इंग्रजीमुळे त्याला पहिल्या संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर मित्र मिळतील. सुराबायात शाळेच्या दारात आया असतात. ‘तुमचे मिस्टर काय करतात?’ हे तुम्हाला दहादा विचारतील, आणि त्याला वर्षभर भाषेच्या वर्गाला जावं लागेल. तो माणूस कसा आहे हे मला ठाऊक नाही. भाषा शिकायची हौस असेल तर हेच वर्ष त्याला मजेचं जाईल.

सणवार थोडक्यात. फिलिपिन्समध्ये नाताळ सप्टेंबरात सुरू होतो, खरंच. दुकानांत गाणी लागतात, डिसेंबरात चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेला नऊ दिवस गर्दी असते आणि त्या महिन्यात कुठलंही सरकारी काम होत नाही. शेजारी कराओके रात्री उशिरापर्यंत. सुराबायात पहाटेची अजान, रमजानमध्ये शाळेच्या वेळा बदलतात, आणि ईदला अर्धं शहर गावी जातं, तुमची कामवालीही. बालीचे हिंदू शक कालगणनेप्रमाणे नववर्षाला ‘न्येपी’ पाळतात. दिवे, आवाज, प्रवास सगळं बंद, विमानतळसुद्धा. हा दिवस काही वर्षी आपल्या पाडव्यालाच येतो, २०२६ मध्ये तर १९ मार्चला दोन्ही एकत्र. आणि मजा अशी की इंडोनेशियात एका महिन्याच्या पगाराएवढा सणाचा बोनस ज्याच्या त्याच्या धर्माच्या सणाआधी द्यायचा असतो; हिंदूंसाठी तो सण न्येपी. वर्ष पूर्ण झालं नसेल तर त्या प्रमाणात. फिलिपिन्समध्ये १९७५च्या हुकुमाप्रमाणे तेरावा पगार २४ डिसेंबरपर्यंत मिळतो. पगाराचा आकडा सांगताना हा बोनस त्यात आधीच धरलाय की वेगळा, हे दोन्ही शाळांना विचारा.

वादळांकडे मात्र दुर्लक्ष नको. डिसेंबर २०२१च्या ‘ओडेट’नंतर सेबूत कित्येक भागांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस बेटाच्या उत्तरेला ६.९चा भूकंप झाला आणि नोव्हेंबरात वादळाच्या पावसानं मोठे पूर आले. सुराबाया विषुववृत्ताच्या जवळ, तिथे अशी वादळं सहसा येत नाहीत. भूकंप आणि ज्वालामुखी दोन्ही देशांना सारखेच. सेबूला गेलात तर घर घेताना आधी जनरेटर आणि पाण्याची टाकी बघा, मग खिडकीतून दिसणारा समुद्र.

माझं मत विचारलंत तर सुराबाया. तुमचं जेवण तिथे जमेल, मुलीला एक नवी भाषा मिळेल, आणि तुम्हाला स्टाफरूममध्ये शिरायची एक वाट आहे, जी सेबूत सौजन्याच्या भिंतीमुळे सापडत नाही. पण नवरा जर भाषेच्या नावानं आत्ताच नाक मुरडत असेल तर सेबू घ्या आणि कुकर सोबत न्या. घरात एक माणूस कोंडलेला असेल तर चांगल्या शाळेचंही सुख लागत नाही.

होकार कळवण्याआधी दोन्ही शाळांना एकच मागणी करा: तुमच्या गणित विभागातल्या एका स्थानिक शिक्षिकेशी अर्धा तास बोलू द्या, व्यवस्थापनातलं कुणी मध्ये नको. तिला पगार विचारू नका. मागचे परदेशी शिक्षक किती वर्षं टिकले आणि का गेले, ते विचारा. जी शाळा हा फोन जोडून द्यायला टाळाटाळ करेल ती यादीतून काढून टाका, मग ती कुठल्याही देशातली असो.

आणि कागदपत्रांना आजपासूनच लागा. फिलिपिन्स २०१९ पासून आणि इंडोनेशिया २०२२ पासून अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणूनचा शिक्का) मानतात, त्यामुळे वकिलातीच्या फेऱ्या वाचतात, पण त्याआधी पदवी आणि बी.एड.ची राज्य पातळीवर पडताळणी लागते आणि तिला वेळ लागतो. लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखलाही त्यातच करून घ्या, इंग्रजीतला. पदवीपत्र हौसेनं लॅमिनेट करून ठेवलं असेल तर विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज टाका. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही आणि खिडकीवरचा माणूस तो तसाच परत करतो.